क्लिक वाजलं, गोळी सुटली नाही

'नमस्कार. मी टेक्सासमध्ये, डॅलसच्या उत्तरेला प्लेनोला राहतो. आम्ही नवराबायको दोघंही ग्रीन कार्डवर आहोत. मागच्या वर्षी एलटीसी, म्हणजे पिस्तूल जवळ बाळगायचा परवाना, काढला आणि ९ मिमीचं अगदी छोटं, दहा गोळ्यांच्या मॅगझीनचं पिस्तूल घेतलं. नळी तीन इंची, बाहेर घोडा नाही. कमरेला पँटच्या आतल्या होल्स्टरमध्ये रोज असतं, नेमबाजीच्या रेंजवर मात्र दोन महिन्यांतून एकदा जाणं होतं. आतापर्यंत तीनेकशे गोळ्या झाडल्या असतील. दर महिन्याला तेलाचा भरपूर स्प्रे मारून साफ करतो. तरी गेल्या खेपेला तीन भानगडी झाल्या. पहिल्याच गोळीला नुसतं क्लिक वाजलं. नंतर दोनदा स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग, पूर्ण मिटलीच नाही, दोन-तीन मिलिमीटर मागे राहिली, अंगठ्याने ढकलावी लागली. बायकोने चालवलं तेव्हा रिकामी पुंगळी स्लाइडमध्ये उभी अडकली, तीही तीनदा. रोज रात्री मी चेंबर, म्हणजे नळीत गोळी बसते ती जागा, रिकामं करून पिस्तूल कपाटात वरच्या फळीवर ठेवतो, सकाळी परत भरतो. घरात नऊ वर्षांचा मुलगा आहे. हे पिस्तूल विकून दुसरं घ्यावं का? डिसेंबरमध्ये महिनाभर नाशिकला जाणार आहोत, तेव्हा ते कसं ठेवावं?'

विकायची घाई करू नका. तुमच्या तीन भानगडींपैकी दोन बहुधा त्या तेलाच्या डब्यातून आल्या आहेत. आणि क्लिकमध्ये तुमच्या रोज रात्रीच्या भर-रिकामीचाही हात असू शकतो. ती सवय आम्हाला तेलापेक्षा जास्त काळजीची वाटते, पण आधी क्लिकचं बघू.

तुमच्या पिस्तुलात घोड्याऐवजी बहुधा स्ट्रायकर असतो, म्हणजे स्प्रिंगवर ताणलेली एक सळी. स्लाइडच्या पोटात पेन्सिलएवढी अरुंद नाळ असते आणि सळी तिच्यातून धावून टोकाने काडतुसाच्या बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीवर, म्हणजे प्रायमरवर, आदळते. ही नाळ कोरडी असायला हवी. पुस्तिकेत तसं लिहिलेलं असतं, पण नवं पिस्तूल हातात आलं की पुस्तिका डब्यातच राहते. वरून स्प्रे मारला की स्ट्रायकरच्या भोकातून तेल आत जातं. प्रायमरची काजळी, पितळेचा कीस आणि टी-शर्टचा कापूस त्यात कालवला जातो आणि काळा लगदा तयार होतो. पिस्तूल दिवसेंदिवस कमरेला नुसतं पडून असतं तेव्हा हा लगदा आळतो. पहिल्या फटक्याला सळी त्यात अडखळते, एकदा हलली की मोकळी होते. पहिली गोळी रुसली आणि बाकीच्या सुटल्या, हे चित्र त्याच्याशी जुळतं. शिवाय तेल पाझरून चेंबरमधल्या काडतुसाच्या बुडाशी पोचलं असेल, तर प्रायमरमधली दारूही मरू शकते.

ती न सुटलेली गोळी जपून ठेवली असती तर निदान सोपं झालं असतं. पुढच्या वेळी बुडावरचा खळगा बघा आणि सुटलेल्या पुंगळीच्या खळग्याशेजारी धरून ताडून पाहा. खळगा तितकाच खोल आणि मधोमध असेल, तर पिस्तुलाने त्याचं काम केलं, काडतूसच फुसकं होतं. खळगा उथळ, नखाने टोचल्यासारखा असेल, तर स्ट्रायकरला ताकद कमी पडली. त्याला कारण लगदा असेल, नाहीतर स्लाइड केसभर उघडी राहिली असेल. तशा वेळी फटक्याचा जोर प्रायमरवर पडण्याऐवजी स्लाइड मिटवण्यात खर्च होतो. खळगाच नसेल, तर स्ट्रायकरचं टोक मोडलेलं असू शकतं. तसं पिस्तूल रेंजवरून थेट दुरुस्तीला न्यायचं, कमरेला लावायचं नाही.

रेंजवर क्लिक वाजलं की नळी लक्ष्याकडेच ठेवायची आणि मनात तीस आकडे मोजायचे, कारण क्वचित दारू उशिरा पेट घेते. मग मॅगझीन काढायचं, स्लाइड ओढून गोळी बाहेर टाकायची. मात्र 'धाड' होण्याऐवजी नुसतं 'फुस्' झालं आणि हाताला धक्काच जाणवला नाही, तर तिथेच थांबायचं. शिसं नळीत अडकलेलं असू शकतं. मागून दुसरी गोळी झाडली तर नळी फुगते किंवा फाटते. पिस्तूल रिकामं करायचं, खोलायचं आणि नळीतून आरपार उजेड दिसतोय का ते बघायचं. मॅगझीनवर थाप मारून लगेच स्लाइड ओढायची जी सवय नेमबाजीच्या शिबिरांत लावतात, ती जिवावर बेतलेल्या वेळच्या क्लिकसाठी आहे, फुस्कन आवाज आला तर ती चालत नाही.

आता साफसफाई. पिस्तूल साफ करताना झालेल्या अपघातांत गोळी बहुतेकदा 'रिकामं होतं' असं वाटलेल्या पिस्तुलातूनच सुटलेली असते. म्हणून त्या खोलीत एकही जिवंत काडतूस नको. डबा, भरलेली मॅगझीन, खिशातली सुटी गोळी, सगळं दुसऱ्या खोलीत कुलपात. नळीचं तोंड अशा दिशेला ठेवा जिथे चुकून गोळी सुटलीच तर अडेल. अमेरिकेतल्या घरांच्या लाकूड-जिप्समच्या भिंती गोळी अडवत नाहीत, त्यामुळे 'भिंतीकडे' धरण्यात काही अर्थ नाही. विटांची बाहेरची भिंत किंवा पुस्तकांनी खच्चून भरलेलं खोकं बरं.

आधी मॅगझीन काढायचं, मग स्लाइड ओढायची. हा क्रम उलटा झाला, तर स्लाइड मागे जाताना चेंबरमधली गोळी बाहेर पडते आणि पुढे येताना मॅगझीनमधली दुसरी आत जाते. मग तुम्ही मॅगझीन काढता आणि झालं रिकामं म्हणता. मॅगझीन काढल्यावर स्लाइड तीनदा जोरात ओढा, मागे अडकवा, चेंबरमध्ये बघा आणि करंगळीचं टोक आत घालून चाचपा. रात्री पिवळ्या दिव्याखाली डोळा फसतो, बोट फसत नाही. आणि बाहेर येणारी गोळी झेलायला स्लाइडच्या खिडकीवर तळवा धरू नका. गोळी नीट निसटली नाही आणि तिचं बूड आतल्या इजेक्टरच्या, म्हणजे पुंगळी बाहेर उडवणाऱ्या पट्टीच्या, टोकावर आपटलं, तर ती तळव्यातच फुटते. तसे हात फाटलेले आहेत. गोळी जमिनीवर पडू दे, उचलायला काय लागतं?

खोलायची पद्धत प्रत्येकाची वेगळी. ग्लॉक ४३ ची स्लाइड काढण्याआधी ट्रिगर दाबावाच लागतो, त्यामुळे तिथे करंगळीची तपासणी दोनदा करावी. सिग पी३६५ मध्ये स्लाइड मागे अडकवून बाजूची कळ फिरवली की ट्रिगरला हात न लावता स्लाइड सुटते. स्मिथ अँड वेसनच्या शील्डमध्ये उघड्या स्लाइडच्या खिडकीतून दिसणारी छोटी पिवळी पट्टी खाली दाबली की ट्रिगर दाबावा लागत नाही. तुमचं कोणतं आहे ते लिहिलेलं नाही, तेव्हा पुस्तिका उघडा. हरवली असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर मिळते. तिथेच क्रमांक टाकून ते पिस्तूल परत मागवलेल्यांच्या यादीत आहे का तेही बघून घ्या. छोट्या पिस्तुलांत हे झालेलं आहे. रुगरने २००८ साली एलसीपी परत मागवलं होतं, कारण भरलेलं पिस्तूल पडलं तर गोळी सुटण्याची शक्यता होती. २०१३ मध्ये स्प्रिंगफील्डने एक्सडी-एस परत मागवलं.

खोलल्यावर चार तुकडे हाती येतात: सांगाडा, स्लाइड, नळी आणि नळीखालची दुहेरी स्प्रिंग. याहून जास्त खोलायची गरज नाही. दात घासायचा जुना ब्रश, ९ मिमीचा ब्राँझ ब्रश, सुती चिंध्या, कानात घालायच्या कापसाच्या काड्या, लाकडी टूथपिक, सॉल्व्हंटची छोटी बाटली आणि सुईच्या तोंडाची तेलाची कुपी एवढं पुरतं. स्प्रेचा डबा गॅरेजमध्ये नेऊन ठेवा, दाराच्या बिजागऱ्यांना उपयोगी पडेल. डब्ल्यूडी-४० तर मुळीच नको. ते उडून जातं आणि मागे चिकट थर राहतो.

नळीला चेंबरच्या बाजूने सॉल्व्हंटची ओली चिंधी घाला, पाच मिनिटं भिजू द्या, ब्रश दहा वेळा आरपार न्या. ब्रश नळीच्या मध्येच उलटा फिरवू नका, तारा मोडतात. मग चिंधी स्वच्छ निघेपर्यंत कोरड्या चिंध्या. तीनशे गोळ्यांच्या नळीला याहून जास्त काही लागत नाही, आरशासारखी चकाकी आणायचा नाद नको. चेंबर शेवटी पूर्ण कोरडं करा.

खरा वेळ स्लाइडच्या आतल्या बाजूला द्या. काडतुसाचं बूड जिथे टेकतं त्या सपाट तोंडावर काजळीचा थर बसतो. एका कडेला एक्स्ट्रॅक्टरचा आकडा असतो, पुंगळीची कड पकडून ओढणारा. त्याच्या नखाखाली टूथपिक घालून फिरवा. तिळाएवढी काळी गुठळी निघते, आणि तेवढीच पुंगळी निसटायला पुरते. मग स्लाइडचं तोंड खाली धरून स्ट्रायकरच्या भोकात कापसाची कोरडी काडी टेकवा. काडी काळी-ओली झाली तर आमचा अंदाज बरोबर. अशा वेळी नाळ उघडून, पुसून, कोरडी करून बंद करावी लागते. त्यासाठी स्लाइडच्या मागची झाकणी काढावी लागते आणि आतली स्प्रिंग ताणलेली असते. ती उडाली की पलंगाखाली शोधत बसावं लागतं, शिवाय डोळ्याला धोका. पुस्तिकेत मालकाने हे करावं असं दाखवलं असेल आणि चष्मा लावून करणार असाल तरच करा. एरवी गावातल्या गनस्मिथकडे, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडे, न्या, काम फार तर अर्ध्या तासाचं आहे. बंद नाळेत बाहेरून ब्रेक क्लीनर मारायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. घाण धुऊन निघत नाही, आणखी आत जाऊन बसते. काही क्लीनर प्लॅस्टिकच्या सांगाड्याला आणि दर्शनीच्या, म्हणजे नेम धरायच्या खुणेच्या, रंगालाही खातात.

तेल थेंबांच्या हिशेबाने. सांगाड्याच्या चारही पत्र्यांवर, जिथून स्लाइड सरकते, प्रत्येकी एक. नळीच्या पाठीवर, जिथे घासून चकाकलेलं दिसतं, एक. नळीच्या तोंडाजवळ बाहेरून एक. ट्रिगरची पट्टी मागे जिथे घासते तिथे टूथपिकच्या टोकाने अर्धा. झालं. पिस्तूल जोडल्यावर स्लाइड दहा वेळा ओढा आणि बाहेर आलेलं जादा तेल पुसून टाका. मॅगझीनच्या आत, चेंबरमध्ये, काडतुसांवर आणि त्या नाळेत काहीही नाही. जोडल्यावर रिकाम्या पिस्तुलाचा ट्रिगर एकदा दाबून, दाबलेलाच ठेवून स्लाइड ओढा आणि मग ट्रिगर हळू सोडा. मध्ये एक स्पष्ट टिक् जाणवली पाहिजे. ती आली नाही तर जोडणी चुकली आहे.

हे सगळं जेवणाच्या टेबलावर करू नका. प्रायमरच्या काजळीत शिसं असतं आणि ते मुलाच्या अंगात जायला नको. नायट्रिलचे हातमोजे, खाली फेकून देता येईल असा कागद, उघडी खिडकी आणि नंतर गार पाण्याने साबण लावून हात. रेंजवरचे कपडे वेगळे धुवायचे.

किती वेळा? रेंजवरून आल्यावर दर वेळी, आणि रोज वागवत असाल तर महिन्यातून एकदा फक्त कापूस आणि घाम काढायला. वागवलेलं पिस्तूल काजळीने कमी, टी-शर्टच्या कापसाने जास्त भरतं. मॅगझीनही खोला. बुडाची पट्टी सरकवताना स्प्रिंगवर अंगठा दाबून धरा, नाहीतर ती छताला लागते. उन्हाळ्यात घाम दर्शनीच्या स्क्रूपाशी आणि मॅगझीनच्या कळीपाशी साचतो आणि लाल ठिपके तिथेच आधी उमटतात.

स्लाइड न मिटण्याचं निम्मं कारण वर आलंच, तेलात कालवलेली घाण. उरलेलं तुमच्या अंगठ्यात असू शकतं. पुष्कळ लोक स्लाइड ओढतात आणि जपून, हाताने धरून पुढे आणतात. वस्तू जपून वापरायची आपली सवय इथे नडते. या पिस्तुलाची स्प्रिंग पूर्ण वेगाने आपटण्याच्या हिशेबाने बनवलेली आहे. ओढा आणि सोडून द्या. तरीही मिटली नाही तर ढकलू नका. ती गोळी काढून बाजूला ठेवा आणि घरी नळी वेगळी काढून तिच्या चेंबरमध्ये ती टाकून बघा, सांगाड्यापासून दूर. चांगली गोळी 'टक' करून तळाला बसते आणि नळी उलटी केली की आपल्या वजनाने बाहेर पडते. अडकून बसली तर ती गोळी तरी फुगीर आहे किंवा चेंबर तरी घाण आहे. नव्या डब्यातली गोळी टाकली की कोणतं ते कळतं. नळीखालची दुहेरी स्प्रिंग ही झिजणारी वस्तू आहे. एवढ्या छोट्या पिस्तुलांत ती साधारण अडीच हजार गोळ्यांना बदलतात, तुम्ही अजून खूप दूर आहात.

आता तुमच्या पत्नीची तक्रार. 'बायकांच्या मनगटात जोर नसतो' असं ऐकवणारे रेंजवर भेटतील, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. अर्ध्या किलोच्या पिस्तुलाची स्लाइड आखूड अंतर धावते, ताठर स्प्रिंगवर. मागे जाताना सांगाडा जागेवर राहिला नाही, हाताबरोबर तोही मागे गेला, तर स्लाइडचा प्रवास अपुरा पडतो आणि पुंगळी निघता निघता दारात चिमटली जाते. हे धिप्पाड माणसालाही होतं. पकड मुठीच्या मागच्या चोचीपर्यंत वर चढलेली हवी, दुसऱ्या हाताचा तळवा मुठीची उघडी बाजू भरून काढायला हवा आणि मनगट ताठ. अंगठा स्लाइडला घासत नाही ना, हेही शेजारी उभं राहून बघा. घासत असेल तर स्लाइड मिटायलाही तोच अंगठा अडवतो. आणि तो स्लाइडच्या कळीवर टेकला, तर शेवटच्या गोळीनंतर स्लाइड मागे उघडी राहत नाही.

पण अंदाजावर राहू नका. दोन्ही मॅगझीनवर पांढऱ्या मार्करने १ आणि २ लिहा. दोन प्रकारची काडतुसं घ्या, स्वस्तातली ११५ ग्रेनची आणि १२४ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप). तुम्ही दोघांनी प्रत्येक मॅगझीनमधून प्रत्येक प्रकारच्या पाच-पाच गोळ्या झाडायच्या, आणि काय अडकलं ते तिथेच कागदावर लिहायचं. चाळीस गोळ्यांत उत्तर मिळतं. एकाच मॅगझीनला अडकत असेल तर मॅगझीन बदला. फक्त ११५ ला अडकत असेल तर ते काडतूस कमजोर. फक्त त्यांच्याच हातात अडकत असेल तर पकड सुधारा, किंवा त्यांच्यासाठी थोडं मोठं पिस्तूल बघा. छोटं पिस्तूल वागवायला सोपं आणि चालवायला अवघड असतं, दुकानदार हे क्वचितच सांगतात. दोघांनाही, दोन्ही मॅगझीनला, दोन्ही काडतुसांना अडकत असेल तर एक्स्ट्रॅक्टर किंवा इजेक्टरमध्ये दोष आहे आणि ते कंपनीने बघायचं. फोन केला की बहुतेक कंपन्या पार्सलचं लेबल स्वतः पाठवतात. पिस्तूल रिकामं, काडतुसं सोडून, आणि त्या कागदाची प्रत सोबत. घरी ट्रिगरच्या स्प्रिंगा बदलून, पॉलिश करून 'हलका' करायचे व्हिडिओ आहेत, त्यांच्या नादी लागू नका. कमरेला लावायच्या पिस्तुलात ट्रिगर जेवढा जड कंपनीने दिला तेवढाच बरा.

दुरुस्तीनंतर सलग दोनशे गोळ्या विनाअडथळा सुटेपर्यंत त्या पिस्तुलाच्या भरवशावर बाहेर पडू नका, आणि त्यातल्या पन्नास तरी तुम्ही रोज भरता त्याच हॉलो पॉइंट, म्हणजे पोकळ टोकाच्या, गोळ्या असू द्या. महाग पडतात, मान्य.

आता ती रात्रीची सवय. रोज रिकामं, रोज भरणं म्हणजे वर्षाला तीनशे पासष्ट वेळा चेंबरमध्ये हात. त्यात एखाद्या रात्री झोप डोळ्यांवर असताना क्रम चुकतो. शिवाय बहुधा तीच वरची गोळी तुम्ही रोज परत चेंबरमध्ये घालता. प्रत्येक वेळी तिचं नाक चेंबरच्या तोंडाशी असलेल्या उतारावर आपटतं आणि शिसं पुंगळीत केसभर आत सरकतं. आतली जागा कमी झाली की दारूचा दाब झपाट्याने वाढतो. ९ मिमीच्या साध्या काडतुसाच्या दाबाची मर्यादा ३५,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) आहे, तीत फार मोकळीक नसते. त्या गोळीशेजारी डब्यातली नवी गोळी टेबलावर उभी करा आणि वर आडवी पट्टी ठेवा. पट्टी तिरकी बसली तर ती गोळी झाडायची नाही, रेंजवरच्या फुसक्या गोळ्यांच्या डब्यात टाकायची. वरचेवर चेंबरमध्ये भरल्याने प्रायमरमधला दारूचा थर सुटून गोळी फुसकी निघाल्याचे प्रकार इथल्या पोलिसांतही झाले आहेत. तुमच्या क्लिकचा दुसरा संशयित तोच.

म्हणून भरलेलं पिस्तूल होल्स्टरसकट कमरेवरून काढा आणि होल्स्टरसकट छोट्या पोलादी तिजोरीत ठेवा. सकाळी तसंच कमरेला. ट्रिगर झाकलेला, हात लागायचा प्रश्नच नाही. चेंबर जेव्हा उघडावंच लागेल तेव्हा त्या गोळीच्या बुडाला मार्करने ठिपका द्या, दोन ठिपके झाले की ती रेंजवर झाडून टाका, पट्टीची तपासणी करूनच. होल्स्टर कमरेवर असतानाच त्यात पिस्तूल घालायचं झालं तर आधी खाली बघा. हूडीची दोरी किंवा शर्टाचं टोक ट्रिगरच्या कडीत गेलं की पिस्तूल ढकलताना तेच ट्रिगर ओढतं. आणि हातातून निसटलं तर पडू द्या, झेलायला जाऊ नका. झेलताना बोट नेमकं ट्रिगरवर पडतं.

कपाटाची वरची फळी म्हणजे कुलूप नव्हे. नऊ वर्षांच्या मुलाला खुर्ची कशी लावायची ते ठाऊक असतं. निष्काळजीपणे ठेवलेलं भरलेलं पिस्तूल सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागलं, तर टेक्सासच्या कायद्यात तो गुन्हा आहे. तिजोरी भिंतीच्या लाकडाला किंवा फळीला स्क्रूने घट्ट करा. अंकांची कळ चांगली. बोटाच्या ठशाची घेतलीत तर तिची बॅटरी वर्षातून एकदा ठरलेल्या दिवशी बदला, दसऱ्याला शस्त्रपूजा करत असाल तर त्याच दिवशी.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही. एच-१बी वर असलेला मित्र किंवा भाऊ आला, तर त्याच्या हातात हे पिस्तूल देऊ नका, रेंजवरही नाही. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा काडतूस बाळगणं अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे.

डिसेंबरसाठी पिस्तूल साफ करून, बाहेरून तेलाच्या चिंधीने एक हात फिरवून, रिकामं करून तिजोरीत ठेवा. होल्स्टरमध्ये नको. चामड्याचं असेल तर ते ओल धरतं आणि महिन्याभरात स्लाइडवर त्याचा नकाशा उमटतो. सोबत सिलिका जेलच्या दोन पुड्या. काडतुसं वेगळ्या कुलपात. मॅगझीन भरलेली राहिली तरी चालतात. त्यांच्या स्प्रिंगा भरून ठेवल्याने फारशा थकत नाहीत, वारंवार भरून-रिकाम्या केल्याने झिजतात.

आणि जी पाठपिशवी रेंजवर नेता ती नाशिकला नेऊ नका. तळाच्या शिवणीत घुसलेली एक सुटी गोळी मुंबईच्या विमानतळावर क्ष-किरणात लख्ख दिसते आणि १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो. ९ मिमी हा बोअर, म्हणजे नळीच्या भोकाचं माप, भारतात प्रतिबंधित गटात येतो, म्हणून प्रकरण आणखी जड जातं. 'चुकून राहिली' हे पुढे कोर्टात मान्य झालं तरी तोपर्यंत सुट्टी पोलीस ठाण्यात आणि वकिलाकडे संपते. दुसरी पिशवी नसेलच, तर हीच अंगणात न्या, सगळ्या चेन उघडा, उलटी करून झटका, आणि मग प्रत्येक कप्प्याच्या कोपऱ्यात बोट घालून चाचपा, चेंबर चाचपता तसं.